दीपमालेची कपाटं

वाचनालयात नोकरीला लागलं की माणूस पुस्तकं वाचून शहाणा होतो, असं बाहेरचे लोक म्हणतात. दीपमाला शहाणी झाली ती कलाबाईंकडे पाहून.

चिखलीहून येणारी एसटी जिथे वळते, तिथेच गावाचं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथली सगळी कामं करायला एकच बाई असते, आणि मंडळ तिची नेमणूक दर वर्षी नव्यानं करतं. म्हणजे नोकरी असते, पण आपली नसते. दीपमालेच्या आधी तिथे कलाबाई होत्या. एका वर्षी त्यांची नेमणूक झालीच नाही. सकाळी दीपमालेनं चावी घेतली आणि दुपारी ती लोकांना पुस्तकं काढून देऊ लागली, कारण प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर नंबर होता, आणि नंबर काय, पहिलीतलं पोरगंही वाचतं. संध्याकाळपर्यंत गाव कलाबाईंना विसरून मोकळं झालं. दीपमालेला नोकरीचा आनंद झाला, आणि धास्तीही त्याच दिवशी बसली.

मग तिनं जे केलं, ते ग्रंथालयाच्या कुठल्याच शास्त्रात बसत नाही. ओल्या फडक्यानं, अजिबात घाई न करता, ती पाठीवरच्या नंबरांच्या चिठ्ठ्या सोडवत गेली आणि पुस्तकं गावाप्रमाणे लावत गेली. माळीपुऱ्याचं एक कपाट. मास्तर लोकांचं एक. नव्या सुनांचं एक. त्यात बाळंतपण, लोणची आणि रडवणाऱ्या कादंबऱ्या. खिडकीजवळचं कास्तकारांचं, त्यात माती, कपाशी, विहिरी आणि भुताखेतांच्या गोष्टी, कारण भुतं सगळ्यात जास्त कास्तकारच नेत. वाचकांची चांगलीच सोय झाली. नाव सांगायची गरज नाही. ‘आमच्यातलं दे एखादं’ म्हटलं की पुस्तक हातात. पण हा सगळा नकाशा फक्त दीपमालेच्या डोक्यात होता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ एकदा उपयोगाला आलीही. मंडळाचे सचिव रमाकांत गुरुजी यांची भाची रेवती ग्रंथालयाचं सर्टिफिकेट घेऊन आली, तेव्हा गुरुजींनी तिला आठवडाभर दीपमालेच्या खुर्चीत बसवून पाहिलं. रेवती कपाटामागून कपाट उघडत राहिली, सापडेना काहीच. लोक थेट गुरुजींच्या ओट्यावर गेले.

“गुरुजी, या पोरीले काईच भेटत नाही. दीपमालाले बलवा!”

गुरुजींनी बोलावलं. रेवती डोळे पुसत घरी गेली, आणि दीपमालेनं घरी शिरा केला. तिला वाईट वाटलं नाही. का वाटावं? पोट तिलाही होतंच.

त्यानंतर ती निर्धास्त झाली. कोणी काढू शकत नाही अशी आपली जागा झाली, असं तिला खरोखर वाटू लागलं.

या वर्षी सरकारी तपासणीला नवे साहेब आले. त्यांनी चहा बाजूला ठेवला आणि विहीर पुनर्भरणाचं पुस्तक मागितलं. दीपमालेनं डोळे मिटून काढावं तसं काढून दिलं.

“वा!” साहेब म्हणाले. “आता तुम्ही बसा बाई. गुरुजी, बाळंतपणावरचं एखादं तुम्ही काढा पाहू.”

गुरुजी उठले. मास्तरांच्या कपाटात पाहिलं, माळीपुऱ्याच्या कपाटात पाहिलं, शेवटी धोतराला लागलेली धूळ झटकत उभे राहिले.

“ही बाई उद्या आजारी पडली तर?” साहेबांनी विचारलं.

“ते बाई आजारी पडतच नाही, साहेब,” गुरुजी म्हणाले.

साहेब हसले नाहीत. पुस्तकं नंबराप्रमाणे लावा आणि शिकलेलं माणूस नेमा, नाहीतर वाचनालयाचा वर्ग उतरेल, असा शेरा मारून ते गेले. वर्ग उतरला की अनुदान उतरतं, हे गुरुजींना कोणी समजावून सांगायला नको होतं.

“दीपा, माह्या हातात काई राह्यलं नाही,” ते म्हणाले. “आता रेवतीच येईन. तुही नेमणूक या महिन्याच्या शेवटापर्यंत हाय, तवर तिले सगळं दाखवून दे.”

“हाव गुरुजी,” दीपमाला म्हणाली, आणि काहीच दाखवायचं नाही असं ठरवून घरी गेली. इतकी वर्षं जपलेलं असं फुकट द्यायचं? विचारू दे पोरीला. हात जोडू दे. मग गुरुजीच मंडळापुढे म्हणतील, बाईला ठेवावंच लागतं.

रेवती सोमवारी आली ती ताडपत्री घेऊन. पदर खोचला, ताडपत्री मधोमध अंथरली आणि पहिलं कपाट तिच्यावर रिकामं केलं. मग दुसरं. माळीपुरा मास्तरांवर पडला, सुनांच्या कादंबऱ्यांवर कपाशी पडली.

दीपमाला धावली. “अवं, काय करून राह्यली हे? कोनतं कुठचं हाय, मले विचारशीन का नाही?”

“नाही ताई,” रेवती साधेपणानं म्हणाली. “मागच्या खेपेले तेच तर चुकलं माहं. ह्या कपाटांत शोधतच बसली.”

त्या बोलण्यात टोमणा असता तर दीपमालेला भांडता आलं असतं. ती ढिगाजवळ बसली. तिच्याजवळ जे होतं ते या कपाटांबद्दल होतं, आणि कपाटं आता रिकामी होती. तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं. मग तिनं एक पुस्तक उचलून पुसलं आणि रेवतीच्या हातात दिलं. रेवतीनं विषय पाहून त्याला नंबर चिकटवला. महिना संपेपर्यंत दोघींचं तेच चाललं.

नेमणूक संपल्यावर दीपमाला घरी राहिली. फोन तिनं चुलीजवळसुद्धा सोबत ठेवला. कोणाचं तरी अडेल, या आशेवर ती बरेच दिवस होती. आणि एका दुपारी सुनांच्या कपाटाच्या सगळ्यात जुन्या वाचक, रुक्मिणीबाई यांचा फोन आलाच. दीपमाला ताडकन उभी राहिली.

“बोला मावशी! काय भेटून नाही राह्यलं?”

“भेटलं व माय! म्हणून तर फोन केला. नंबर पाह्यला अन् म्याच काढलं, ह्या हातानं. कोनाले विचारायचं काम नाही पडलं.” रुक्मिणीबाईंना आनंद मावत नव्हता. “तू बी येत जाय नं वाचाले. आता कोनालेही भेटते.”