डोक्यातल्या जावा

सलूनवाल्याला सगळी गल्ली रेडिओ म्हणायची. त्याच्या खुर्चीत बसलं की केस कमी व्हायचे आणि ज्ञान वाढायचं. मग एका सकाळी डोक्याच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली आणि रेडिओ बंद पडला. उजव्या हाताचा बधिरपणा हळूहळू उतरला, कात्री धरता येऊ लागली. शब्द मात्र ओठांपर्यंत येत आणि उंबऱ्यावरूनच माघारी फिरत.

इस्पितळात त्याच्या तोंडून पहिला स्वच्छ शब्द निघाला तो सुई टोचणाऱ्या नर्सला उद्देशून, आणि तो इथे लिहिण्याजोगा नाही. बायकोला मात्र आनंदाने रडू फुटलं.

"काकू, शिव्यांवर जाऊ नका," बोलायला शिकवणारी तरुण बाई म्हणाली. "त्या वेगळ्या वाटेने येतात. बहुतेकांच्या मेंदूत वाक्यं जुळवायचं काम डावी बाजू करते. सुरात उजवीचा हात मोठा. काकांची उजवी धडधाकट आहे."

"म्हणजे जावा-जावा," बायको म्हणाली. जावांचं राजकारण तिला कुणी शिकवायला नको होतं. "थोरली कारभारीण, धाकटी आपली गुणगुणत भांडी घासणारी. थोरली अंथरुणाला खिळली."

"मग धाकटीला पुढे करा. डाव्या हाताने ठेका धरायचा आणि जे सांगायचं ते ओळखीच्या चालीत म्हणायचं."

इथेच घोटाळा झाला. नवऱ्याला जन्मात एकच चाल पाठ होती: लेक तान्ही असताना म्हटलेली अंगाई. त्या चालीत तो "पाणी दे गं" म्हणू लागला, "पंखा लाव" म्हणू लागला. पण दुकानाचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड फिरवी. मुका न्हावी म्हणजे बिनपाण्याची विहीर, असं त्यानेच जन्मभर सांगितलं होतं. हा माणूस असाच भिंतीकडे बघत संपेल, या धास्तीने इस्पितळापासून बायकोने धड डोळा मिटला नव्हता.

शेवटी तिनेच शटर उघडलं. समोरच्या किल्लीवाल्याला, नवऱ्याच्या जुन्या दोस्ताला, खुर्चीत बसवलं आणि दुकानाला लागूनच असलेल्या घराकडे तोंड करून हाक दिली, "अहो, येताय, का मीच कापू? भावोजींच्या कानांची जबाबदारी माझी नाही."

"वहिनी, मला तसे वाढलेले केस शोभतात," किल्लीवाला म्हणाला.

कात्री तिच्या हातात उलटी होती. ते दारातून पाहताच नवरा दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून धावला. त्याने कात्री हिसकावली, कंगव्याने खुर्चीच्या पाठीवर ठेका धरला आणि अंगाईत म्हणाला, "मान... खाली... घाल..."

किल्लीवाल्याने मान खाली घातली ती वर काढलीच नाही. थोड्या वेळाने घोरणं ऐकू आलं.

नवऱ्याचा चेहरा उतरला. ज्याच्या गप्पा लोक डोळे ताणून ऐकत, त्याचा हा अपमान. त्याने कात्री ठेवून दिली आणि दाराकडे वळला. बायकोने किल्लीवाल्याला गदागदा हलवलं.

"भावोजी, उठा. ते निघाले."

"कुठे? अर्धं डोकं राहिलंय," तो डोळे चोळत म्हणाला. "अरे, तुझ्या गप्पा ऐकताना मला रोजच झोप यायची. आजवर लाजेखातर जागा राहायचो. आज तूच थोपटलंस, त्याला मी काय करू?"

नवरा थबकला. मग कुठल्याही चालीशिवाय, खणखणीत आवाजात त्याने दोस्ताला एक शिवी हासडली.

"थोरली उठली वाटतं," वहिनीकडून जावांची गोष्ट ऐकलेला किल्लीवाला आशेने म्हणाला.

"छे," बायको म्हणाली. "त्या सासूबाई. त्यांना कधी काही झालंय?"

नवरा हसला. परत आला आणि कात्री उचलली. दारात आणखी एक जण डोकावत होता.

"बसा... थोडं..." नवरा सुरात म्हणाला.

आता सगळ्यांवर लक्ष ठेवायचं, असं ठरवून बायको बाकावर बसली. दुसऱ्या ओळीलाच तिची मान भिंतीला टेकली. नवऱ्याने खुंटीवरचं धुतलेलं कापड काढलं, झटकलं, तिच्या अंगावर घातलं, आणि ठेका जरा हळू केला.