उभ्या उभ्या जळलेले डिझेल

मित्रांनो, माझे दार उघडताना जरा जोर लावा. थंडीत ते आखडते. आत बसलात की याकच्या लोकरीचा, सुक्या लसूणघासाचा आणि थोडासा डिझेलचा वास येईल. चांगथांगच्या उंच पठारावर माल वाहता वाहता म्हातारी झालेली पिकअप गाडी ती मीच. माझ्या चारही चाकांना जोर मिळतो, म्हणून जिथे रस्ता संपतो तिथून माझे खरे काम सुरू होते.

माझा जन्म मैदानी मुलखातल्या एका कारखान्यात झाला. तिथे हवा दाट होती आणि मी एका हाकेत सुरू होत असे. मग खिंडी ओलांडून मला लडाखला आणले, आणि पहिल्याच चढावर माझा दम कोंडला. डिझेल जळायला हवा लागते. खाली एका श्वासात जेवढी हवा मिळे, तिच्या अर्ध्याहून थोडी जास्त हवा इथे मिळते. अशा ठिकाणी चालकाने पाय कितीही दाबला, तरी जादा डिझेल जळायला हवाच नसते. ते अर्धेकच्चे राहते आणि काळा धूर होऊन मागून निघून जाते.

माझा पहिला चालक एका रस्ते-ठेकेदाराकडे होता. तो फारसे बोलत नसे, पण आरशात माझा धूर बघत असे. धूर काळा झाला की तो पाय सैल करी, गिअर उतरवी आणि मला माझ्या दमाने चढू देई. मजूर म्हणत, ‘‘ही गाडी डिझेलच्या नुसत्या वासावर चालते!’’ ते ऐकून माझ्या पत्र्यालाही ऊब येई.

पुढे ठेकेदाराने मला विकले आणि मी गुर्मेतची झाले. गुर्मेतने माझ्या आरशाला पांढरे रेशमी उपरणे बांधले, टपावर प्रार्थनेच्या पताका लावल्या, रात्री माझ्या बॉनेटवर लोकरीचे जाड पांघरूण घातले. इतकी माया मला कोणीच लावली नव्हती. पण मित्रांनो, त्याचा पाय फार जड होता. सपाटी दिसली की तो मला पळवी. चढ आला की पाय तळापर्यंत दाबी. वाळूसाठी टायरमधली हवा कमी केली, की पक्क्या रस्त्यावर आल्यावर ती पुन्हा भरायचा कंटाळा करी. मग माझे मऊ टायर रस्त्याला चिकटत आणि तेवढ्याच वाटेला जास्त डिझेल लागे. उतारावर तो मला न्यूट्रलमध्ये सोडी आणि शेजाऱ्याला सांगे, ‘‘बघ, आता फुकटात चाललोय!’’ ते फुकट नव्हते. गिअर न काढता पाय उचलला, तर चाकेच इंजिन फिरवतात आणि माझा पंप डिझेल सोडायचे थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनला स्वतःला फिरत ठेवण्यासाठी प्यावेच लागते. वर ब्रेक तापतात ते वेगळेच.

यापेक्षाही एक मोठी खोड होती, आणि ती एकट्या गुर्मेतची नव्हती. आमच्याकडे वाटेवरचे घर टाळून कोणी पुढे जात नाही. यजमान लोणी-मिठाचा चहा पुढे करतो. पाहुण्याने ‘नको’ म्हणायचे. यजमानाने आग्रह करायचा. पाहुण्याने पुन्हा ‘नको’ म्हणायचे. पहिल्याच आग्रहाला पेला पुढे करणारा माणूस अडाणी ठरतो. असा तो नको-नकोचा खेळ होईपर्यंत मी दाराशी घरघरत उभी. हिवाळ्यात इंजिन बंद केले तर ते पुन्हा सुरू होणार नाही, ही भीती प्रत्येक चालकाला असते. उभ्या उभ्या तासाला जवळजवळ लिटरभर डिझेल जळते, मी एक पाऊलही हलत नाही आणि धड तापतही नाही. तरी लोक नाव मलाच ठेवू लागले. ‘‘गुर्मेतची गाडी ना? टाकी नाही ती, चाळणी आहे!’’ मी कुठेच गळत नव्हते. पण सांगणार कोणाला?

एका वर्षी हिवाळा संपता संपता पठारावर अवेळी बर्फ पडला. गुर्मेतची थोरली बहीण दिस्केत तेव्हा भावजयीच्या बाळंतपणासाठी लेहजवळ आमच्याकडे आली होती. तिचा नवरा पुंचोक वर हिवाळी तळावर त्यांच्या पश्मिना बकऱ्या सांभाळत होता. एका ट्रकवाल्याबरोबर त्याचा निरोप आला. बर्फ गुडघाभर आहे, खालचे गवत बकऱ्यांना उकरता येत नाही, चारा संपला आहे. करडे जन्माला येऊ लागली आहेत, आणि भुकेने बकऱ्या एकमेकींची लोकर खात आहेत.

ते ऐकल्यावर दिस्केतने हातातला पेला खाली ठेवला. ‘‘नोनो, गाडी काढ.’’

नोनो म्हणजे धाकटा भाऊ. गुर्मेतने मिळेल तेवढा लसूणघास गोळा केला आणि त्याचे गठ्ठे माझ्या पाठीवर, त्यावर पुन्हा टपावर असे रचले. टाकी भरून घेतली. हिवाळ्यात पंपावर मोजूनच मिळते, तरी एक डबा जादा मिळाला. पुढे सगळ्या वाटेवर डिझेल कुठेच नव्हते. गेल्या हिवाळ्यात एवढ्याच डिझेलमध्ये पोहोचलो होतो, असे गुर्मेत म्हणाला. ते खरे होते. पण गेल्या हिवाळ्यात बर्फ नव्हता, आणि टपावर वाऱ्याला आडवी उभी राहणारी गवताची भिंतही नव्हती.

नदीकाठच्या पहिल्याच गावात गुर्मेतचे सासरे रस्त्यावर उभे दिसले.

‘‘आचे-ले, दोन मिनिटं,’’ तो बहिणीला म्हणाला. आचे म्हणजे थोरली बहीण, आणि ‘ले’ हा मान. ‘‘तसंच पुढे गेलो तर आयुष्यभर ऐकावं लागेल.’’

‘‘तुझी दोन मिनिटं मला माहीत आहेत,’’ दिस्केत म्हणाली, पण रीत म्हणून तीही उतरली. आतून आवाज येत राहिले. घ्या ना. नको, नको. अहो, अर्धाच पेला. छे, आत्ताच झालाय. मी बाहेर घरघरत होते. पुढच्या वळणावर गुर्मेतचा मित्र भेटला. तिथे चहानंतर छांग, म्हणजे जवाची घरगुती दारू, पुढे आली. गुर्मेतने ती घेतली नाही, पण नाही म्हणायलाच इतका वेळ लागला की माझ्या खालचा बर्फ वितळून चिखल झाला.

उशीर झाला म्हणून मग तो मला पळवू लागला. खिंडीच्या चढावर त्याने पाय तळाला लावला आणि मागचा पांढरा रस्ता माझ्या धुराने काळा झाला. मला हवेची भूक होती आणि तो मला डिझेल भरवत होता. उतारावर न्यूट्रल. खाली डबाही टाकीत रिकामा झाला. समोर गोठलेल्या तळ्याकाठचे मोठे मैदान आले तेव्हा त्याची नजर काट्यावर गेली आणि तिथेच थिजली. त्याने काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही.

त्याने मला थांबवले, टाकीत तार घालून पाहिली. तिचे जेमतेम टोक ओले झाले होते.

‘‘पुरणार नाही,’’ तो म्हणाला.

‘‘मागे फिरलो तर?’’ दिस्केतने विचारले.

‘‘शेवटच्या गावापर्यंत पोहोचू. आपण वाचू.’’

‘‘आणि बकऱ्या?’’

त्याने तार गुंडाळायला घेतली. मी मात्र अजूनही घरघरत होते. दिस्केत माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘ओझ्याचा याक असता, तर खिंडीच्या पायथ्यापासून त्याला असा हाणला असतास? आणि दारात उभा करून त्याला नाचवत ठेवला असतास?’’

‘‘माहीत सगळं असतं गं, आचे-ले,’’ गुर्मेत म्हणाला. ‘‘पाय ऐकत नाही.’’

‘‘मग आज पायाला सांग, की रस्त्यावरच्या पाट्यांत लिहितात तशी बहीण घरी वाट बघत नाहीये. शेजारी बसलीये.’’

ती हे हसत म्हणाली नव्हती, तरी गुर्मेत हसला. मग त्याने किल्ली फिरवली आणि मला बंद केले.

मित्रांनो, उघड्या मैदानात, त्या गारठ्यात मी प्रथमच गप्प झाले. त्याने हातपंपाने माझ्या टायरांत हवा भरली. टपावरचे गठ्ठे उतरवून निम्मे पाठीवर दाबून बसवले, उरलेले आत कोंबले. दिस्केत गवतात गळ्यापर्यंत बुडाली. टपावरची लोखंडी जाळी, जादा चाक, अवजारांची पेटी असे सारे त्याने वाटेवरच्या मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंतीपाशी ठेवले. तिथल्या वस्तूला कोणी हात लावत नाही. इंजिन अजून कोमट होते, म्हणून बटण दाबताच मी सुरू झाले. इतकी वर्षे ज्याची भीती घातली जात होती ते घडलेच नाही.

त्यानंतर गुर्मेतने मला असे चालवले, जसे कोणी आजारी माणसाला हात धरून नेते. वेग थोडा, पण एकसारखा. चाक रुतण्याआधीच लहान गिअर. कडक बर्फावर पुढच्या चाकांचा जोर सोडवून फक्त मागच्यांवर. उतारावर गिअर तसाच आणि पाय वर. तेव्हा माझ्या आत एक थेंबही जळत नसे, नुसता उतारच मला ढकलत असे. धूर दिसेनासा झाला.

तळ जवळ आला तसा आने-पाल्मोचा तंबू लागला. आने म्हणजे आत्या किंवा मावशी, पण या म्हातारीला सारे पठारच आने म्हणते. ती हात हलवत वाटेतच उभी राहिली. तिला टाळून जाणे म्हणजे तिचे तोंड न बघण्याची शपथ घेणे. गुर्मेतचा पाय डगमगला.

दिस्केतने गवतातून डोके बाहेर काढले. ‘‘आने-ले, बकऱ्या मरतायत! चहा येताना!’’

‘‘मग थांबायला कोण सांगतंय?’’ म्हातारी ओरडली. ती माझ्या बरोबरीने चालू लागली आणि खिडकीतून पेला आत सरकवला. ‘‘मेल्या, नको म्हणू नकोस. तेवढा वेळ माझ्या गुडघ्यात नाहीये!’’

गुर्मेतने पहिल्याच आग्रहाला पेला घेतला आणि तोंड भाजत रिकामा केला. त्याच्या जन्मातला हा बहुधा पहिलाच अडाणीपणा असेल. म्हातारी मागे राहिली. मी थांबले नव्हते.

शेवटच्या टेकाडावरून तळ दिसला. दगडी कुंपण, तंबूतून निघणारा धूर, आणि बर्फावर बकऱ्यांचे राखी ठिपके. तिथेच माझ्या नळीत डिझेलऐवजी हवा शिरली. मी खोकले, पुन्हा खोकले, आणि बंद पडले. मध्ये एक ओढा आणि बर्फाचे मैदान उरले होते. सासऱ्यांच्या दारात जे जळले, तेवढे मला पुरले असते.

गुर्मेत स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. ‘‘इतक्या जवळ आणून...’’

‘‘गठ्ठा उचल आधी,’’ दिस्केत म्हणाली. ‘‘रड नंतर.’’

तिने दोन बोटे तोंडात घालून शीळ घातली. पुंचोकने ती ऐकली. गठ्ठे तिकडे नेत बसलो तर अंधार पडेल, हे त्याने ओळखले. त्याने तळावरचे याक पुढे घातले. त्यांच्या जड खुरांनी बर्फ तुडवून अरुंद वाट केली, आणि तिच्यावरून बकऱ्या एकामागे एक माझ्याकडे येऊ लागल्या. त्यांच्या पाठीवर लोकर जागोजागी नव्हती. काही वाटेतच बसल्या आणि पुन्हा उठल्या नाहीत. दिस्केतने त्यांच्याकडे वळून पाहिले, पण हात थांबवले नाहीत. ती माझ्या पाठीवर उभी राहून गवत उधळत होती, आणि बाकीचा सगळा कळप माझ्याभोवती तोंड खाली घालून कराकरा चावत होता.

पुंचोकने कोटाच्या आत दोन करडे आणली होती. सकाळीच जन्मलेली, गारठून काष्ठवत झालेली. गुर्मेतने ती त्याच्या हातून घेतली आणि माझ्या बॉनेटवर ठेवून त्यांच्यावर माझे पांघरूण घातले. जळलेल्या डिझेलचा मोठा भाग चाकांपर्यंत कधी जातच नाही. तो उष्णता होऊन निघून जातो. त्या संध्याकाळी माझ्या लोखंडात उरलेली ती ऊबही कोणाच्या तरी उपयोगी पडली. मी हळूहळू गार होत गेले. पांघरुणाखाली आधी एक कान हलला, मग दुसरे करडू ओरडले, आणि तोंडात गवत धरलेली त्याची आई तशीच धावत आली.

दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा करणाऱ्या यंत्रामागून एक ट्रक आला, त्याने डबाभर डिझेल दिले, गुर्मेतने माझ्या नळीतली हवा काढली आणि मी परत सुरू झाले. वाचलेल्या बकऱ्या खूप होत्या. तरी गुर्मेतने न उठलेल्या बकऱ्यांचे दगडांनी झाकलेले ढीग पाहिले होते, आणि ते पाहिल्यावर त्याच्या पायाला पुन्हा काही सांगावे लागले नाही.

मित्रांनो, आम्हा गाड्यांना बोलता येत नाही. आम्ही धुराने बोलतो, काट्याने बोलतो, तापलेल्या ब्रेकच्या वासाने बोलतो. तेवढे ऐकत जा. चढावर आम्हाला दम घेऊ द्या, टायरांत हवा ठेवा, नको ते ओझे उतरवा, आणि थांबलात की किल्ली फिरवा. आमच्या टाकीतले डिझेल वाटेवर भेटणाऱ्यांचे नसते, चालवणाऱ्याचेही नसते. वाटेच्या टोकाला जे आमची वाट बघत असतात, ते त्यांचे असते.