कॉम्प्युटरचा दसरा

मला राग लवकर येतो. अख्ख्या कळंबला ठाऊक आहे, तरी कॉम्प्युटर बिघडला की लोक माझ्याच, या युसराच्याच दुकानात येतात. गुरुवारी सकाळी गौरीशंकर काका आले तेव्हा मी आधीच तापलेली होते. काका रिटायर्ड एसटी कंडक्टर. शर्टाला कडक इस्त्री, आणि मोटरसायकलला सतरंजीत बांधून आणलेला कॉम्प्युटरचा डबा.

"ईमेलचा प्रोग्राम उघडतोय अन् लगेच मिटतोय. चार दिस झाले," ते म्हणाले.

"त्याच्या आधी काय केलं होतं?"

"काय न्हाय. दसरा काढला."

घटस्थापनेच्या आधी आमच्याकडं घरोघर दसरा काढतात. गोधड्या, भांडी, डबे, सगळं धुऊन लख्ख. काकांनी रविवारी कॉम्प्युटरचाही काढला होता. अँटिव्हायरसची मुदत संपली होती, रोज लाल पाटी यायची, म्हणून त्यांनी त्याचं फोल्डरच उचलून डिलीट केलं.

"अहो काका, ते काय फुटकं मडकं हाय का, उकिरड्यावर फेकायला?" मी भडकले. "रीतसर काढावं लागतं! तुम्ही पहारेकरी हाकलला, पण पत्र आधी त्याला दाखवायचं हा हुकूम ईमेलमधी तसाच राहिला. आता ते दाखवणार कुणाला? म्हणून बंद पडतंय."

काका हळूच म्हणाले, "बेटा, तेवढं एक पत्र वाचू दे. सोनालीचं हाय."

सोनाली म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या मर्जीनं लग्न करून पुण्याला गेली. पुन्हा फोन करू नको, असं काकांनी तिला बजावलं आणि नंबरही पुसून टाकला. ती मात्र दर महिन्याला ईमेल करायची. काका वाचायचे, उत्तर कधीच नाही. रविवारी प्रोग्राम मिटायच्या आत त्यांना यादीत नवी ओळ दिसली, 'पप्पा, घरी येऊ का?' चार दिवस ते उघडत होते, तेवढी ओळ वाचत होते, आणि पुढचं पत्र काही हाती लागत नव्हतं.

"पासवर्ड सांगा, माझ्या मोबाइलवर बघू."

"तिनंच घातलेला. मला कुठं म्हाईत."

"मग रविवारीच यायचं ना इथं!"

"कसं येऊ? लेकीला तोडलं म्हणून गावभर सांगत फिरलो. आता तिच्या पत्रासाठी कुणाच्या दारात उभा राहू?"

मला एकदम वाईट वाटलं. मी कंट्रोलचं बटण दाबून धरून प्रोग्राम उघडला, म्हणजे तो बाकीच्या जोडण्या टाळून उघडतो; मग त्याला जोडलेल्या प्रोग्रामांच्या यादीत अँटिव्हायरसच्या नावापुढची खूण काढली, बंद करून पुन्हा सुरू केला. या वेळी टिकला. काकांनी टेबलाची कड घट्ट धरली.

पत्र दोनच ओळींचं होतं. 'बुधवारी दुपारी कळंब स्टँडवर उतरते. न्यायला आलात तर घरी येईन, नाहीतर परतीची गाडी धरीन.' खाली तिचा नवा नंबर.

बुधवार काल होऊन गेला होता.

"काल दुपारी म्या स्टँडसमोरूनच गेलो की गं," काका म्हणाले. "गोडेतेल आणायला." आणि ते रडायलाच लागले. या अल्ला, एवढा ताठ माणूस!

मीच नंबर लावला, स्पीकर चालू करून फोन त्यांच्यापुढं धरला. पलीकडून "हॅलो? कोण?" आलं. काकांनी फोन परत माझ्याकडं ढकलला.

"सोनाली, मी कळंबहून युसरा, कॉम्प्युटर दुरुस्त करते. तुझ्या पप्पांनी तुझं पत्र आत्ता, या मिनिटाला वाचलंय. त्याच्या आधी ते उघडतच नव्हतं. खोटं बोलत असंन तर माझी जीभ झडो."



"मी चार गाड्या सोडल्या, ताई," ती म्हणाली. "शेवटच्या गाडीत चढतानाही मागं बघत होते."

काकांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "आज ये, माय. आत्ता निघ."

"आत्ता निघाले तरी संध्याकाळ होईल, पप्पा."

"होऊ दे. म्या आत्ताच जाऊन बसतो."

फोन माझा होता. तो कानाला लावूनच ते स्टँडकडं चालू लागले.