डावीकडे मारणारी रायफल

घाबरू नका, टेबलाखाली जाऊ नका. कोपऱ्यातून बोलतेय ती मीच, बंदूक. माझ्या पोटात आता काडतूस नाही. नळीचं तोंड वितळलेल्या धातूचा डाख देऊन बंद केलंय, आणि चाप ओढल्यावर काडतुसाच्या बुडाला जी पिन टोचते, तीही काढून घेतलीय. थोडक्यात, दात पडलेली पण जीभ शाबूत असलेली म्हातारी समजा. तेव्हा बसा, ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाचा एक भरीव दांडा घेतला, त्याला आरपार भोक पाडलं आणि त्या भोकाच्या आत गोल जिन्यासारखे वळत जाणारे चर कोरले. या चरांमुळे गोळी भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि भरकटत नाही. असे चर असलेली बंदूक म्हणजे रायफल. मागे अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसला, खाली चाप, पुढे नेम धरायची माशी. दिसायला मी अगदी देखणी होते. विचारा कुणालाही.

शेवटी मला नळी सरळ करणाऱ्या कारागिराकडे पाठवलं. हा खिडकीकडे तोंड करून नळीतून उजेड बघायचा, आतली सावली कुठे वाकडी दिसते ते हेरायचा आणि तिथे हातोडीचा एक हलका ठोका द्यायचा. शेजारच्या बाकावर त्याचा मेहुणा बसायचा. माझी पाळी आली तेव्हा दोघांचं चाललं होतं.

"शिडी कधी परत करणार?"

"कुठली शिडी?"

"कुठली शिडी!" असं म्हणून कारागिराने हातोडी आपटली. ठण्ण! ती बसली माझ्यावर. तेव्हापासून मी डावीकडे मारते.

तुम्ही म्हणाल, तपासणीत कशी सुटले? तपासणीला आम्ही रांगेने स्टँडवर होतो आणि समोर प्रत्येकीची आपापली फळी. माझ्या डावीकडची रायफल नेमकी उजवीकडे मारणारी निघाली. (ती मेहुण्याच्या हातची.) तिच्या गोळ्या माझ्या फळीवर, माझ्या तिच्या फळीवर. साहेबांनी दोन्ही फळ्या बघितल्या, मान डोलावली आणि आम्हा दोघींच्या दस्त्यावर शिक्का मारला.

मग मी फौजेत गेले आणि एका शिंप्याच्या हाती पडले. युद्ध सुरू झालं होतं, त्यामुळे ज्याला दोन पाय होते त्याला भरती केलं होतं. शिंप्याच्या गळ्यात मोजायची टेप तशीच होती. कप्तानाने ती काढायला लावली, तर तो म्हणाला, "साहेब, ती नसली की मान हलकी वाटते."

नेमबाजीच्या सरावात शिंप्याने जीव ओतला. श्वास रोखायचा, माशी बरोबर मधे आणायची, चाप अलगद दाबायचा. आणि गोळी जायची शेजाऱ्याच्या फळीवर. शेजारी होता एक आळशी गडी, पडल्या पडल्या त्याला झोप लागायची. महिनाअखेरीस सर्वोत्तम नेमबाज म्हणून त्या झोपाळूच्या छातीवर बिल्ला लागला. आमच्या शिंप्याला बटाटे सोलायला बसवलं. मला इतकी लाज वाटली की विचारू नका. पण शिंपी रागावला नाही. त्याने मला पुसलं, तेल दिलं आणि पावसात भिजू नये म्हणून जाड कापडाची एक पिशवी शिवून दिली. झालर लावून! अख्ख्या पलटणीत झालरवाली बंदूक मी एकटीच.

आमची रवानगी एका टेकडीवर झाली. समोर दुसरी टेकडी, तिच्यावर शत्रूची चौकी, आणि मधे एक अरुंद घळ. ओरडलं की पलीकडे स्पष्ट ऐकू जायचं. दोन्हीकडची बोली जवळपास सारखीच होती, नकाशे मात्र वेगळे.

एके दिवशी सकाळी समोरचा एक शिपाई आडोशाबाहेर आला आणि चक्क कपडे वाळत घालायला लागला. आमचे कप्तान दुर्बीण घेऊन धावत आले.

"शिंपी, उडव त्याला."

शिंपी माझ्यामागे पालथा पडला. माशीच्या पलीकडे तो माणूस मला दिसत होता. तोंडात दोन चिमटे धरून, तो एक लांब पांढरी विजार झटकत होता. थंडीत घालायची, घोट्यापर्यंतची.

"साहेब, तो कपडे वाळत घालतोय."

"दिसतंय मला. मार."

"निदान वाळत घालून तरी होऊ दे त्याचं."

"मार म्हणतो ना!"

चाप ओढला गेला. पिन टोचली, दारू पेटली, नळीत वारं भरलं आणि गोळी गरगरत निघाली. जन्मात पहिल्यांदा मी मनापासून म्हटलं, जा बाई, जा डावीकडे. ती गेली. माणसाच्या कानाजवळून जाऊन तिने दोरी तोडली. माणूस मटकन खाली बसला. हातातून सुटलेली विजार वाऱ्याने उचलली, तिने घळीवरून दोन गिरक्या घेतल्या आणि ती येऊन पडली थेट आमच्या कप्तानांच्या डोक्यावर.



मग पलीकडून आवाज आला, "ओ! माझी विजार द्या! एकच आहे!"

कप्तानांनी विजार डोक्यावरून काढली. ही युद्धात मिळालेली लूट मानायची की नाही, यावर ते बराच वेळ विचार करत राहिले. तोवर शिंप्याने ती हातात घेऊन उलटीपालटी केली आणि त्याचा चेहरा बदलला.

"कुणी शिवलीय ही? दुहेरी टीप नाही, काही नाही. आणि गुडघ्याला हे एवढं भोक!"

"शिंपी, आपण युद्ध करतोय."

"हो साहेब, पण हे बघवत नाही."

त्याने टोपीच्या काठातून सुई काढली, तिथेच बसून भोक बुजवलं, शिवण पक्की केली. मग विजार परत कशी द्यायची म्हणून त्याने माझ्या तोंडाला संगीन लावली, तिच्यावर विजार अडकवली आणि मला उंच धरून हलवलं.

आता विचार करा. शत्रूच्या चौकीवरून काय दिसलं असेल? बंदुकीच्या टोकावर फडफडणारं पांढरं कापड.

पलीकडे एकच धावपळ उडाली. त्यांचे कप्तान कोटाची बटणं लावत बाहेर आले. कोटाला एकच बाही होती. ते हात जोडून ओरडले, "शरण येऊ नका! कृपा करून येऊ नका! तुम्हाला ठेवायला जागा नाही, खायला घालायला काही नाही! आमचेच हाल चाललेत!"

आमच्या कप्तानांचा अपमान झाला. "कोण शरण येतंय? ही विजार आहे!"

"कुणाची?"

"तुमच्याच माणसाची!"

"मग तुमच्याकडे काय करतेय?"

शेवटी दोघे कप्तान, शिंपी, मी आणि विजारीचा मालक असे घळीत खाली भेटलो. मालकाने विजार बघितली आणि हिरमुसून म्हणाला, "ही माझी नव्हे. माझीला भोक होतं."

"बुजवलं," शिंपी म्हणाला.

त्या माणसाने गुडघ्यावरून बोट फिरवलं. रफू कुठे आहे ते त्याला सापडेना. त्याला इतकं भरून आलं, की ज्याने आत्ताच आपल्यावर गोळी झाडली त्या माणसाला त्याने मिठी मारली. आपला नेम त्याच्या दोरीवर नव्हता, हे शिंप्याने त्याला सांगितलं नाही. सांगून काय करायचं होतं?

दुसऱ्या दिवशी घळीत रांग लागली. तिकडचे लोक फाटके सदरे, उसवलेल्या बंड्या, तळ गेलेले मोजे घेऊन उभे, आणि इकडचेही मागे नाहीत. शिंपी दगडावर बसून सगळ्यांचं शिवत होता. मी आणि शत्रूची एक रायफल, आम्हा दोघींना जमिनीत रोवून मधे दोरी बांधली होती, तिच्यावर तयार कपडे. ती रायफल जरा अबोल होती, पण चांगल्या घरची. वर कळू नये म्हणून दोन्ही कप्तान रोज थोडा वेळ आकाशात गोळ्या झाडायला लावायचे. तेवढ्यापुरतं शिंप्याला कानात कापूस घालायला लागायचा.

युद्ध संपल्याची बातमी घेऊन घोडेस्वार आला, तेव्हा त्यांच्या कप्तानांच्या कोटाला दुसरी बाही लावायची राहिली होती. घोडेस्वाराने दोनदा जाहीर केलं, "युद्ध संपलं! घरी जा!" कुणी हललं नाही.

आमचे कप्तान त्याला दबक्या आवाजात म्हणाले, "थांब ना जरा. बाही होऊ दे."

शिंपी घरी गेला. निरोप घेताना त्याने माझी झालर सारखी केली आणि पिशवीचं तोंड नीट बांधलं. पुन्हा त्याची माझी गाठ पडली नाही. मनात मी त्याला अजून मालक म्हणते.

मला घट्ट ग्रीस फासून शस्त्रांच्या कोठारात टाकलं. तिथे आमचं सगळं खानदान भेटलं. सगळ्यात म्हातारी होती ठासणीची बंदूक, पेटत्या वातीवर चालणारी. तिच्या तोंडातून दारू ओतायची, मग गोळी टाकायची, मग गजाने ठासायचं, मग वात लावायची. ती दिवसभर सांगायची, "आमच्या काळी असं नव्हतं हो. पाऊस आला की वात विझायची आणि सगळे घरी जायचे."

तिच्या शेजारी तिची धाकटी जाऊ, चकमकीची बंदूक. गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडली तर बार, नाही तर नुसतीच टिचकी. ती दर वाक्य दोनदा सुरू करायची. एका कोपऱ्यात मशिनगन होती. तिची बडबड सुरू झाली की काडतुसांचा पट्टा संपेपर्यंत दुसऱ्याला बोलायला मिळायचं नाही. आणि तोफ पार बहिरी. आम्ही काहीही विचारलं तरी ती म्हणायची, "जेवले, जेवले."

अशी वर्षं गेली. मग एकदा कोठार रिकामं करायचं ठरलं. माझी पिन काढली, नळी बंद केली, आणि मला एका नाटक कंपनीत पाठवलं.

ही कंपनी म्हणजे एक आई आणि तिचा मुलगा. बाकीचे नट येऊन जाऊन. मुलगा चाळिशीचा, आडदांड, ओठांवर दोन बाजूंना चढलेली मिशी. नाटकात तो जुलमी सरदार. आई त्याच्या खांद्याला लागेल एवढीशी. तिसऱ्या अंकात ती गावातली म्हातारी होऊन येते, माझा चाप ओढते आणि सरदाराला मारते. माझा बार तर आता निघत नाही. म्हणून आवाज काढायचं काम पडद्यामागच्या माणसाचं. तो दोन फळ्या एकमेकींवर आपटतो, आणि सरदार कोसळतो.

कंपनीची परिस्थिती बेताची होती. खुर्च्या रिकाम्या असायच्या. थिएटरच्या मालकाने सांगून टाकलं, "आजचा प्रयोग रंगला तर ठीक, नाही तर उद्यापासून इथे सर्कस."

त्या प्रयोगाला तिसरा अंक आला. आईने मला खांद्याला लावलं. हात अजिबात हलत नव्हता. "अन्यायाचा घडा भरला!" असं म्हणून तिने चाप ओढला.

आवाज नाही.

पडद्यामागच्या माणसाच्या बोटाला फळीत चिमटा बसला होता आणि तो बोट तोंडात घालून नाचत होता. आईने पुन्हा चाप ओढला. खट. पुन्हा काही नाही. प्रेक्षकांत कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि मुलगा? इतकी वर्षं दर प्रयोगाला मुकाट्याने मरणारा तो माणूस, त्याला एकदम हुरूप आला. त्याने मिशीला पीळ दिला.

"हा हा हा! म्हातारे, मला मारणारी गोळी अजून बनायचीय!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यामुळे तो आणखी चेकाळला. सिंहासनावर बसला, पायावर पाय टाकला. "आता हे राज्य कायमचं माझं! नाटक संपणार नाही!"

आईने मला शांतपणे खाली ठेवलं, पदराला हात पुसले, आणि आवाज न चढवता म्हणाली, "घरी चल. मग बघते तुला."

सरदाराचा पाय पायावरून खाली आला. मिशीचं एक टोक सुटलं. तो उभा राहिला, छातीवर हात ठेवला, "मेलो, आई, मेलो," असं म्हणाला आणि धाडकन आडवा झाला.

मी कोठारात तोफ ऐकलीय, टेकडीवर गोळीबार ऐकलाय, पण त्या थिएटरात उठला तसा आवाज कधी ऐकला नव्हता. लोक खुर्च्यांवर उभे राहून हसत होते. मालक स्वतः दारात डोळे पुसत होता. सर्कस बारगळली.

आता आमचं नाटक जोरात चालतं. फळ्यांवर चहाचे कप ठेवतात. माझं काम तेवढंच, आईच्या हातात दोनदा खट म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. मग ती ते वाक्य बोलते, आणि मी रोज बघते, प्रेक्षकांतले मोठमोठे, टक्कल पडलेले पुरुष नकळत खुर्चीत सरळ होऊन बसतात. एक जण तर रोज येतो आणि रोज म्हणतो, "नाही आई, आता नाही करणार."

माझं मागणं फार नाही. महिन्यातून एकदा थेंबभर तेल द्या, आणि नाटकाच्या सामानात मला त्या रबरी नागाशेजारी ठेवू नका, त्याला वास येतो. बरं, निघते. तिसरी घंटा झाली, आणि आमची आई कुणासाठी थांबत नाही.