खड्डा उघडण्याआधी

मी भोंगा बोलतोय. हो, तोच, गाईडच्या हातातला. आधीच सांगतो, माझं डोकं तापलेलं आहे आणि त्यात मेक्सिकोतल्या युकातानच्या उन्हाचा काही दोष नाही.

आमच्या गाईडनं, गास्पारनं, मला मेरिदा शहराच्या बाजारातून आणलं, तेव्हा वाटलं होतं, मोठमोठी भाषणं करीन. कसलं काय! रोज सकाळी माया राजांच्या पिरॅमिडसमोर तेच: "टाळी वाजवा, पायऱ्या उत्तर देतात!" की लागले सगळे पर्यटक वेड्यासारखे टाळ्या पिटायला. दुपारी गुहेतल्या पाण्याकाठी तेच: "अंगाचं क्रीम धुतल्याशिवाय उडी मारायची नाही! हेच पाणी आमचं गाव पितं!" तरी एखादा महाभाग तसाच चोपडलेला धपकन उडी घेणारच. ओरडून ओरडून माझा घसा बसला, पण माणसं सुधारतील तर शपथ.

शेवटी जेवण गास्पारच्या घरी. त्याची आई लिम्बानिया पहाटे अंगणातल्या खड्ड्यात, निखाऱ्यांवर डुकराचं मांस पुरून ठेवते. आंबट संत्र्याच्या रसात नि लाल वाटणात मुरवलेलं, केळीच्या पानात गुंडाळलेलं. तिचा नियम एकच. मनात राग असलेला माणूस खड्ड्याजवळ असला, की मांस शिजत नाही.

त्या दिवशी पाहुण्यांनी भुकेचा नुसता गिल्ला केला. गास्पारनं सगळ्यांना पाण्यातून भराभर बाहेर काढलं आणि वेळेआधीच घरी आणलं. "आई, उघड लवकर!" तिनं उघडला. मांस कच्चं!

अहो, घाई केलीत, कच्चं राहणारच! पण मला विचारतो कोण?

"कोणाच्या पोटात राग आहे?" लिम्बानियानं कमरेवर हात ठेवले. "माझ्या तर नाही. गास्पार, तुझ्या?"

त्याची मान खाली गेली. "आहे, आई. तिकडे लांब, कॅनकूनच्या हॉटेलात नोकरी मिळतेय. तुला सांगायची हिंमतच होत नाही. बाबा गेल्यापासून 'तू आहेस म्हणून मी आहे' हेच ऐकतोय. जीव गुदमरतो गं माझा!"

मी त्याच्या हातात चालूच होतो. सगळ्या गल्लीनं ऐकलं.

लिम्बानिया खड्ड्यावर पुन्हा पानं नि माती ओढत राहिली. मग म्हणाली, "मेल्या, एवढं पोटात ठेवून माझ्या हातचं गिळत होतास? जा. पण जेवून जा."

दोन-तीन तासांनी मांस लोण्यासारखं मऊ झालं. झालं, तिची खात्रीच पटली! मी कपाळावर हात मारला असता, पण हात आणू कुठून?

गास्पार कॅनकूनला गेला. आता पाहुणे दुसऱ्याच गाईडबरोबर येतात आणि मी स्वयंपाकघरातल्या खुंटीवर लटकतो. खड्डा उघडायच्या आधी लिम्बानिया मला काढते आणि रस्त्याकडे तोंड करून ओरडते, "कोणाच्या मनात अजून राग असेल, तर येऊन सांगा!" पाहुणे हसतात. ती मात्र वाटेच्या टोकापर्यंत पाहून मगच माती सारते.

गास्पार, बाबा रे, एकदा येऊन जा. मी जीव तोडून ओरडतो, पण माझा आवाज गावच्या वेशीपर्यंतच जातो.