महबूबभाईंचा घाव

आमचे एबनेझर रेल्वेत गार्ड, पण जीव सगळा जुन्या नाण्यांत. वीस वर्षं जमवलेले राणीछाप रुपये ह्यांनी पुण्याच्या प्रदर्शनात एका झटक्यात देऊन टाकले आणि बदल्यात आणलं काय, तर चिंचोक्याएवढं एकच वेडंवाकडं नाणं! त्यावर धनुष्य घेतलेला राजा. इराणचं, अडीच हजार वर्षांपूर्वीचं म्हणे. ग्रीक राजाचं एक घरात होतंच, त्याला जोडीदार मिळाला म्हणून स्वारी हवेत.

रविवारी चर्चबाहेर एका जाणकारानं नाणं पाहिलं आणि नाक मुरडलं. “वरून मुलामा, आत तांबं दिसतंय.”

ह्यांचं अन्नपाणीच तुटलं. मी आधी भरपूर बोलून घेतलं, पण ते उतरलेलं तोंड बघवेना. शेवटी ह्यांना एसटीत बसवून दौंडहून शिरूरला नेलं, महबूबभाईंकडे. चाळीस वर्षं मोडीची चांदी घेणारा माणूस.

“भाई, नुसतं बघून सांगा,” मी म्हणाले.

भाईंनी नाणं उलटंसुलटं केलं, सवयीनं ऐरणीवर ठेवलं, छिन्नी लावली आणि हातोडी घातली. टच्च!

हे किंचाळलेच.

“आवो, कापल्याबिगर आतलं कसं कळायचं?” भाई म्हणाले. “चांदी हाय, गार्डसाहेब. पार आतपर्यंत. तांबं न्हाईच.”

नाणं खरं निघालं आणि त्याच क्षणी त्याला खाचही पडली. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी भाईंची अशी हजेरी घेतली की शेजारचे दुकानदार बाहेर आले. भाई बिचारे ओशाळून फडक्यानं नाणं पुसत राहिले, भिंगातून बघत राहिले. आणि एकदम हसायला लागले.

“वहिनी, हिकडं या! राजाच्या पाठीमागं बघा.”

मळाखाली दोन बारीक घाव होते, कुणीतरी मुद्दाम ठोकलेले. पण जुने, झिजून गुळगुळीत झालेले.

ह्यांनी भिंग हिसकावून घेतलं. “सराफाच्या खुणा! त्या काळचे सराफ असंच तपासायचे, मी वाचलंय!”

“म्हंजी त्यास्नीबी इश्वास न्हवता व्हय?” भाईंना हसू आवरेना. मलाही आवरेना. राग कुठल्या कुठं गेला.

घरी येताच ह्यांनी वहीत नोंद केली: “इराणी चांदीचं नाणं. एकूण घाव तीन. पहिले दोन अज्ञात सराफांचे. तिसरा महबूब शेख, शिरूर, १९९८.”