दोन वाजून पाच मिनिटं

टाळ्या ओसरत आल्या तेव्हा कुठे सीत्सेच्या लक्षात आलं, की त्या आपल्यासाठीच आहेत.

"उठा ना, असे लाजता काय!" जलमंडळाच्या अध्यक्षीणबाई माइकवरून म्हणाल्या. मंडपातले लोक हसले. शेजारच्या खुर्चीवरचा त्याचा सहकारी फोल्कर्ट मात्र हसलाही नाही आणि त्याने टाळ्याही वाजवल्या नाहीत. तो स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

सीत्से उभा राहिला. एकतीस वर्षं तो फ्रीसलँड या डच प्रांतातल्या या गावाच्या सांडपाणी केंद्रावर होता. गाळातून निघणाऱ्या पाण्याने पाइपांच्या आत पांढरा, टणक दगड धरतो. छिन्नी-हातोडी घेऊन तो दगड फोडायचा आणि ढकलगाडीने नेऊन फेकायचा, यातच त्याची उमेदीची वर्षं गेली होती. आता मंडळाने एक उंच टाकी उभारली होती. तिच्यात तोच दगड मुद्दाम धरवायचा, वाळूसारख्या कणांत. शेतकरी तो खत म्हणून नेणार होते. आज तिचं उद्घाटन होतं.

"बारा दिवसांपूर्वी, रविवारी," बाई सांगत होत्या, "टाकीच्या तळाचा पाइप तुंबला. चाचणीतला तीन महिन्यांचा माल ओतून द्यायची वेळ आली होती. सुट्टी असून सीत्से धावत आले, पाइपला कान लावला आणि बरोबर जागा सांगितली. त्याच दिवशी त्यांच्या पत्नी बाउक्ये गेल्या. तरीही ते आज इथे आहेत. याला म्हणतात कामावरचं प्रेम."

त्यांनी माइक पुढे केला. सीत्सेने तो धरला.

"पाइप मागच्या वळणावर तुंबतो," तो म्हणाला. "तिथं नेहमीच तुंबणार. एक झाकण बसवून घ्या."

पुन्हा टाळ्या झाल्या. कुणीतरी त्याच्या हातात पिवळ्या ट्यूलिपांचा गुच्छ दिला.

कपडे बदलायच्या खोलीत येऊन त्याने गुच्छ बेसिनमध्ये ठेवला आणि कोटाची बटणं काढू लागला. मागोमाग फोल्कर्ट आला आणि दार लावून तिथेच उभा राहिला.

"मी तुला फोनच करायला नको होता."

"बाउक्येच म्हणाली, जा. इथं बसून नुसता माझ्या पांघरुणाचे दोरे उपसशील म्हणाली."

"तरी पण."

"पाइप कधी मोकळा झाला, आठवतं तुला?"

"दोनच्या सुमारास."

"दोन वाजून पाच मिनिटांनी. मग मी काय केलं?"

फोल्कर्टला प्रश्नाचा रोख कळेना. "हात धुतलेस. कॉफी प्यालो आपण."

"दोन-दोन कप. तू तुझ्या होडीचं सांगत होतास. मी विचारत होतो, लाकूड कुठलं, रंग कुठला, शीड कुणी शिवलं. मला काय करायचंय रे होडीशी? मला पोहतासुद्धा येत नाही."

फोल्कर्ट बाकावर बसला.

"सायकलने घर अकरा मिनिटांवर," सीत्से म्हणाला. आवाजात चढ नव्हता, उतार नव्हता. "ती गेली तीन वाजून दहा मिनिटांनी. मला घरी जायचं नव्हतं, फोल्कर्ट. तिथं तिच्या श्वासाचा तो आवाज होता. इथं नव्हता."

बाहेर पाहुण्यांना केक वाटत होते. बशा वाजत होत्या.

"पोरीला माहीत आहे?"

"तिला मी सांगितलं, पाइप तीनला मोकळा झाला."

फोल्कर्टने बराच वेळ तळहात गुडघ्यांवर घासले. "मग तीनलाच झाला," तो अखेर म्हणाला. "कुणी विचारलं तर मीही तेच सांगेन."

"नाही," सीत्से म्हणाला. "दोनला झाला."

तो घरी पोचला तेव्हा आजारी माणसाची ती वर-खाली होणारी खाट घेऊन दोन माणसं दारातून बाहेर पडत होती. त्याने त्यांना वाट दिली आणि कागदावर सही केली. आत बैठकीच्या खोलीत त्याची मुलगी नीन्के खाटेच्या रिकाम्या जागी व्हॅक्यूम फिरवत होती. गालिच्यावर चार पायांचे चार खड्डे पडले होते.

"कसा झाला कार्यक्रम, बाबा?" तिने यंत्राच्या आवाजावरून ओरडून विचारलं.

"पाइप दोन वाजता मोकळा झाला होता."

तिने पायाने बटण दाबलं. यंत्र बंद पडलं. "काय म्हणालात?"

आता खोलीत कसलाच आवाज नव्हता. तेच वाक्य पुन्हा म्हणणं भाग होतं. "त्या रविवारी. दोन वाजून पाच मिनिटांनीच मोकळा झाला होता. मी तिथंच बसून राहिलो."

नीन्के त्याच्याकडे बघत राहिली. आईचा शेवटचा पाऊण तास तिने एकटीने काढला होता. एका हातात आईचा हात, दुसऱ्यात फोन. त्याचा फोन केंद्रावरच्या लॉकरमध्ये वाजत होता.

मग तिने पुन्हा बटण दाबलं आणि तीच जागा साफ करू लागली. जागा केव्हाची स्वच्छ झाली होती. ती पुढे सरकली, मागे आली, परत पुढे गेली. यंत्राची वायर टेबलाच्या पायात अडकायला लागली तशी सीत्सेने वाकून ती उचलली आणि नीन्के जाईल तिकडे, थोडी थोडी सैल सोडत, तिच्यामागे धरून उभा राहिला.